परदेशात सुट्टीसाठी अपार्टमेंट: फोटो सगळ्यात शेवटी बघा

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडची कुटुंबं आता टूरवाल्याशिवाय दुबईला जातात, पॅरिस-रोमलाही जातात. आजी-आजोबा, दोघं भाऊ, जावा, लेकरं असे सहा-सात जण असले की हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं एक अपार्टमेंट परवडतं आणि सकाळचा चहा आपल्या हातचा मिळतो. हा निर्णय बरोबरच असतो. चुकतो तो कामाचा क्रम.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बाल्कनीचा फोटो टाकतं, सगळ्यांना तो आवडतो आणि त्याच रात्री पैसे भरले जातात. मग एकेक गोष्ट उघडी पडायला लागते. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही, तारीख एका रात्रीने चुकलेली असते, आजोबांना चौथा मजला चढायचा असतो, किंवा त्या शहरात असं घर पर्यटकांना देणंच बेकायदा असतं. तोवर पैसे परत मिळण्याची मुदत टळलेली असते.

म्हणून खालच्या क्रमानेच जा. आधी तारखा, मग व्हिसा, मग त्या शहराचा कायदा, मग वस्ती. घर त्यानंतर.

१. रात्री मोजा, दिवस नाही

अपार्टमेंटचं भाडं रात्रीवर असतं. आपल्याकडून जाताना नेमका हाच हिशेब फसतो, कारण घर सोडल्याची तारीख आणि तिथे पोचल्याची तारीख यांत मोठं अंतर पडतं.

समजा, तुम्ही नांदेडहून १० तारखेच्या संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसने निघालात. ११ ला सकाळी मुंबईत उतरलात. विमान रात्री दोनचं आहे, म्हणजे तिकिटावर तारीख १२ छापलेली असते. पॅरिसला तुम्ही १२ लाच सकाळी पोचता, कारण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. म्हणजे मुक्कामाची पहिली रात्र १२ ची. ‘आपण ११ ला रात्री निघतोय’ या बोलण्यावरून लोक ११ पासून घर घेतात आणि एका रात्रीचं भाडं वाया जातं. उलटीही चूक होते: १२ च्या पहाटेच्या विमानासाठी लोक १२ च्या रात्री विमानतळावर पोचतात. ती चूक फार महाग पडते.

कागदावर तीन रकाने आखा: तारीख, सकाळी कुठे, रात्री झोपायला कुठे. तिसऱ्या रकान्यातल्या जितक्या ओळी परदेशातल्या असतील, तितक्याच रात्री बुक करायच्या.

अपार्टमेंटचा ताबा साधारण दुपारी तीन-चारनंतर मिळतो आणि सकाळी दहा-अकराला ते रिकामं करावं लागतं. सकाळी आठला पोचणाऱ्या कुटुंबाने मधले सहा-सात तास बॅगा कुठे ठेवायच्या आणि म्हाताऱ्या माणसांनी कुठे टेकायचं, हे याच टप्प्यावर ठरवा. हॉटेलात बॅगा ठेवून घ्यायला माणूस असतो, अपार्टमेंटमध्ये बहुतेक वेळा नसतो. मोठ्या रेल्वे स्थानकांवर सामान ठेवायची सोय असते, ती घरापासून किती लांब आहे ते बघून ठेवा.

सावधान: मुंबईला त्याच संध्याकाळी पोचणाऱ्या गाडीवर रात्रीचं विमान अवलंबून ठेवू नका. समृद्धी महामार्गाने गाडी वेगात जाते, पण तो मुंबईच्या बाहेर आमणेला संपतो. त्यापुढच्या गर्दीसाठी वेळ हाताशी हवाच.

२. व्हिसा आणि बुकिंग यांची सांगड घाला

युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा) व्हिसा हवा असेल तर अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही अर्जांना ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट १० वर्षांपेक्षा जुना चालत नाही आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने त्याची मुदत शिल्लक लागते. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला मुंबई-पुणे गाठावं लागतं. मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटची झुंबड उडते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा.

अर्जात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. इथे एक नियम बहुतेकांना माहीत नसतो: ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडतं त्याच्याकडे. फ्रान्सच्या चार रात्री आणि इटलीच्या तीन असा बेत असताना, रोमचं घर स्वस्त मिळालं म्हणून एक रात्र इकडची तिकडे केली, तर अर्जाचा देशच बदलतो. मग घेतलेली अपॉइंटमेंट निरुपयोगी.

त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत फक्त मोफत रद्द करता येणारं बुकिंग घ्या. ते थोडं महाग असतं, तो फरक आनंदाने भरा. ‘पैसे परत नाहीत’ या अटीवर मिळणारी सवलत व्हिसा न मिळालेल्या माणसासाठी नसतेच.

बुकिंगच्या पावतीवर घराचा पूर्ण पत्ता, तारखा आणि जाणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. बऱ्याच पावत्यांवर फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव येतं. तसं असेल तर बाकीच्यांची नावं ‘पाहुणे’ म्हणून जोडा, नाहीतर सगळ्यांची नावं असलेलं पत्र घरमालकाकडून मागवा. नावं पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळू नका. पत्त्यात पासपोर्टवर औरंगाबाद असेल तर औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर असेल तर तेच, उस्मानाबाद-धाराशिवचंही तसंच.

आणखी एक नेहमीचा घोळ. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आपल्या खात्यावरून आई-वडिलांसाठी घर घेतो, पण स्वतः जात नाही. प्रवासात नसलेल्या माणसाने केलेलं बुकिंग काही संकेतस्थळांना चालत नाही आणि दारात अडचण होते. वडिलांच्या नावाने खातं उघडा, त्यांचं ओळखपत्र त्यावर तपासून घ्या, पैसे हवं तर मुलाच्या कार्डाने भरा.

सावधान: काही एजंट व्हिसासाठी ‘डमी बुकिंग’ काढून देतात. वकिलातीने त्या घराकडे विचारणा केली आणि तिथे तुमचं नावच नसेल, तर व्हिसा नाकारला जातो आणि त्याची नोंद राहते. त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

३. त्या शहरात असं घर घेणं कायदेशीर आहे का

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. संकेतस्थळावर घर दिसतंय म्हणजे ते कायदेशीर असणार, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दंड बहुतेक ठिकाणी मालकाला होतो हे खरं, पण बुकिंग ऐनवेळी रद्द झालं किंवा इमारतीच्या रखवालदाराने आत सोडलंच नाही, तर बॅगा घेऊन रस्त्यावर कुटुंब उभं असतं ते तुमचं.

मराठी माणसं जास्त जातात त्या शहरांपुरतं सांगतो.

सिंगापूर: खासगी फ्लॅट सलग ३ महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही, सरकारी गृहनिर्माणाच्या फ्लॅटला ही मर्यादा ६ महिन्यांची आहे. म्हणजे पाच रात्रींसाठी कुणी आपला फ्लॅट देत असेल तर तो बेकायदा. तिथे स्वयंपाकघर हवंच असेल तर परवाना असलेलं सर्व्हिस्ड अपार्टमेंट (हॉटेलसारखी देखभाल असलेलं घर) घ्या आणि त्यांची किमान मुक्कामाची अट आधी विचारा. नाहीतर हॉटेल.

थायलंड: हॉटेल परवाना नसताना कॉन्डोतला, म्हणजे खासगी सदनिकांच्या इमारतीतला, फ्लॅट दिवसावर किंवा आठवड्यावर देणं २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही. बँकॉक-पट्टायातल्या अनेक इमारतींत तसे फलकच लावलेले असतात. तिथल्या मालकाने ‘रखवालदाराने विचारलं तर मित्राकडे आलोय म्हणून सांगा’ असा निरोप पाठवला, तर तेवढं एक वाक्य बुकिंग सोडून द्यायला पुरेसं आहे.

दुबई: हॉलिडे होम, म्हणजे पर्यटकांना भाड्याने दिलेलं घर, कायदेशीर आहे, पण पर्यटन विभागाचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागा. भाड्याशिवाय ‘टुरिझम दिरहम’ नावाची फी दर खोलीमागे दर रात्री लागते. ती किमतीत धरली आहे की दारात मागणार, ते विचारा.

पॅरिस: जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून सीआयएन नावाचा राष्ट्रीय क्रमांक जाहिरातीत देणं सक्तीचं आहे. स्पेनमध्ये १ जुलै २०२५ पासून नोंदणी क्रमांक लागतो. बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत पर्यटक अपार्टमेंटचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. जपानमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने नोंदणी क्रमांक लागतो आणि असं घर वर्षात १८० दिवसांपर्यंतच देता येतं. ॲमस्टरडॅममध्ये कुणी स्वतःचं राहतं घर सुट्टीसाठी देत असेल तर एका वेळी ४ पाहुण्यांचीच परवानगी असते, म्हणजे सहा जणांच्या कुटुंबाने तो विचार सोडावा. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर घरमालक त्याच घरात हजर लागतो आणि पाहुणे जास्तीत जास्त २. अख्खं घर पाच रात्रींसाठी मिळतंय असं दिसलं, की पुढे जाऊ नका.

तपासा: क्रमांक जाहिरातीत आहे का? नसेल तर मालकाला एका ओळीत विचारा. ‘नंतर देतो’ किंवा ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर दुसरं घर बघा.

४. वस्ती ठरवा

‘शहराच्या मध्यापासून ४ किलोमीटर’ हे अंतर बहुधा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं असतं. मध्ये नदी असेल, रेल्वेचे रूळ असतील, तर ते चार किलोमीटर पाऊण तासाचे होतात. त्याऐवजी गूगल मॅप्सवर तीन प्रवास टाकून बघा: विमानतळ ते घर, घर ते तुमची दोन मुख्य ठिकाणं, आणि रात्री दहा वाजता तिथून परत. वेळ तुमच्या खऱ्या वेळेची टाका. मध्यरात्री उतरणार असाल तर त्या वेळी मेट्रो चालू असते का ते बघा.

बुकिंग पक्कं होईपर्यंत अनेक संकेतस्थळं नेमका पत्ता दाखवत नाहीत, नकाशावर नुसतं एक वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळाच्या सगळ्यात वाईट कडेला घर आहे असं धरून अंतर मोजा.

वस्ती निवडताना आपल्या जेवणाचा विचार संकोच न करता करा. घरात शाकाहारी माणसं असतील तर किराणा जवळ असणं हे बाल्कनीपेक्षा मोलाचं. दुबईत बर दुबई आणि करामा, लंडनमध्ये वेम्बली, हॅरो आणि साउथॉल, पॅरिसमध्ये गार द्यु नोर आणि ला शापेलचा परिसर, इथे आपल्या डाळी-मसाले सहज मिळतात. लंडनमधले हे भाग मध्यापासून लांब आहेत, म्हणून रोजच्या रेल्वे भाड्याचा हिशेब त्यात धरा.

५. आता घर बघा

इथे घाई करू नका. पाच-सहा घरं बाजूला काढा आणि एकेक पारखा.

*जागा.* युरोपात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. १ चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. ३५ चौरस मीटरचं घर म्हणजे सुमारे ३७५ चौरस फूट; आपल्याकडच्या वन बीएचकेपेक्षाही लहान. त्यावर ‘६ जणांसाठी’ लिहिलेलं असतं, कारण हॉलमधला सोफा उघडून त्याचा पलंग होतो. फ्रान्समध्ये खोल्या मोजताना हॉलही मोजतात: ‘दोन खोल्यांचं’ म्हणजे एक बेडरूम आणि एक हॉल. तुम्ही बेडरूमची संख्या शोधा आणि प्रत्येक बेडरूममध्ये कोणता पलंग आहे ते वाचा. तिथला डबल बेड कित्येकदा १४० सेंटिमीटरचा, म्हणजे साडेचार फुटांचा असतो. नवरा-बायको आणि मधे लेकरू, असं त्यावर निभत नाही.

*मजला आणि लिफ्ट.* पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅमच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते किंवा एका वेळी दोन माणसं मावतील एवढीच असते. ॲमस्टरडॅमचे जिने तर शिडीसारखे उभे. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर ‘लिफ्ट आहे’ या खुणेवर थांबू नका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट घराच्याच मजल्यावर थांबते का, असं स्पष्ट विचारा. अमेरिका आणि जपानमध्ये ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला, युरोपात बहुतेक ठिकाणी मोजणी आपल्यासारखीच.

*उष्मा.* आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा युरोपातल्या तीस-बत्तीस अंशांची काय कथा, असं वाटतं. पण तिथे छताला पंखा नसतो, घरं उष्णता धरून ठेवायला बांधलेली असतात आणि पॅरिसमधल्या कित्येक घरांत एसी नसतो. जुलै-ऑगस्टचा बेत असेल तर एसी आहे की नुसता टेबलफॅन, ते विचारा.

*स्वयंपाकघर.* अपार्टमेंट घेण्याचं अर्धं कारण हे असतं, आणि सगळ्यात जास्त निराशाही इथेच होते. युरोपात बऱ्याच ठिकाणी गॅसऐवजी इंडक्शन किंवा काचेची विजेची शेगडी असते. घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर किंवा बिडाचा सोडून दुसरा तवा इंडक्शनवर तापेलच असं नाही. लोहचुंबक भांड्याच्या बुडाला चिकटतं का ते घरीच बघा; चिकटलं तर ते चालेल. भाकरी आचेवर फुगवायची सोय नाही, तव्यावरच कापडाने दाबून भाजावी लागते. स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं असेल तर फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो. फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू करून द्या. अलार्मवर पिशवी बांधायची युक्ती कुणी सांगितली तर ती करू नका. आग लागली तर आतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतेल.

बरोबर काय न्यायचं तेही इथेच ठरवा. ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी, तेलात केलेले धपाटे न्यायला हरकत नाही. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. दुबईला जाताना काळ्या मसाल्यात खसखस घातली आहे का, हे मसाला करणारीलाच विचारा आणि असेल तर तो डबा नेऊ नका.

*न्हाणीघर.* जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नसतो. इटलीत बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं वेगळं भांडं, असतो. एक प्लास्टिकचा तांब्या बॅगेत टाका. काही घरांत नहाणीच्या काचेबाहेर पाणी जायला मोरीच नसते. तिथे बादलीने अंघोळ केली तर पाणी खालच्या घरात उतरतं आणि नुकसानभरपाई तुमच्याकडून मागितली जाते. सहा माणसांत एकच संडास असेल तर सकाळचं वेळापत्रक काय होईल, याचाही विचार व्हावा.

*अभिप्राय.* चांगले अभिप्राय वाचण्यात वेळ घालवू नका. आधी सगळ्यात नवे वाचा, मग सगळ्यात वाईट. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले अभिप्राय शोधा. एकही अभिप्राय नसलेलं आणि आजूबाजूच्या घरांपेक्षा निम्म्या भाड्याचं घर दिसलं तर त्याचा फोटो गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या घराचा निघाला तर विषय संपला.

मग मालकाला संकेतस्थळाच्या निरोपातूनच चार-पाच प्रश्न पाठवा: किती जण आणि किती वयाचे आहोत ते, लिफ्ट आणि पायऱ्या, शेगडीचा प्रकार, एसी किंवा हीटर, चावी कशी मिळणार. लेकरू दोन वर्षांचं असलं तरी माणसांत धरून सांगा. उत्तर लेखी आलं की पुढे तक्रारीला आधार राहतो. फोनवर मिळालेलं उत्तर धरायचं नाही.

६. खरी किंमत काढा, मग पैसे भरा

यादीत दिसतो तो आकडा एका रात्रीचा. समजा तो ११० युरो आहे आणि सहा जण चार रात्री राहणार आहात. भाडं ४४०, सफाई ८०, संकेतस्थळाची फी ७०, आणि शहराचा कर माणशी दर रात्री ४ युरो धरला तर ९६. बेरीज ६८६, म्हणजे रात्रीला १७१.५ युरो. सफाईची रक्कम एकदाच लागते, म्हणून दोन रात्रींसाठी अपार्टमेंट क्वचितच परवडतं. चार-पाच रात्रींपासून पुढे त्याचा फायदा दिसायला लागतो. शहराचा कर इटलीसारख्या ठिकाणी अनेकदा घरी पोचल्यावर वेगळा घेतात, तेवढी रोख जवळ ठेवा.

पुढचा खर्च कार्डाचा. परदेशी चलनातल्या खरेदीवर बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप (जादा आकार) लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ६८६ युरोवर हे जास्तीत जास्त २८ युरोच्या आसपास जातं. संकेतस्थळ ‘रुपयांत भरा’ असा पर्याय देतं तेव्हा त्यांचा विनिमय दर बँकेच्या दराशी ताडून बघा, बऱ्याचदा तो महाग असतो.

पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा पुरेशी आहे का ते बघा. आपल्या कार्डांवर हे मुळात बंद असतं. अनामत रक्कम असेल तर ती कार्डावर अडवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड बरं, डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे पैसे कित्येक दिवस अडकतात. बँकेला जोडलेलं सिमकार्ड परदेशात चालू राहील असं रोमिंग घ्या, नाहीतर ओटीपी येणार नाही.

रद्द करण्याची अट शब्दन्‌शब्द वाचा. मुदत त्या शहराच्या घड्याळाने मोजली जाते. टोकियोतलं घर ५ तारखेच्या रात्री ११:५९ पर्यंत मोफत रद्द करता येत असेल, तर आपल्याकडे ती वेळ त्याच संध्याकाळी ८:२९ ला संपते. सिंगापूरसाठी ९:२९. मुदतीच्या दोन दिवस आधीचा गजर फोनमध्ये लावून टाका. व्हिसा तोवर आला नसेल तर त्या दिवशी रद्द करा, आशेवर राहू नका.

सावधान: मालक ‘संकेतस्थळाची फी वाचवू, थेट बँकेत टाका, दहा टक्के कमी करतो’ म्हणाला की तिथेच थांबा. बाहेर पैसे भरले की संकेतस्थळ हात वर करतं. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे: बुकिंग पक्कं झाल्यावर, खुद्द संकेतस्थळाच्या चॅटमध्येच किंवा व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘कार्ड पडताळणी झाली नाही, या लिंकवर भरा, नाहीतर बारा तासांत बुकिंग रद्द होईल’. त्यात तुमचं नाव, तारखा, सगळं बरोबर असतं, कारण चोरांनी मालकाचं खातं फोडलेलं असतं. लिंक उघडू नका. ॲपमध्ये स्वतः जाऊन बुकिंगची स्थिती बघा आणि ग्राहक सेवेला विचारा. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

७. निघण्याच्या आठवड्यात

मालकाला पोचण्याची वेळ विमान क्रमांकासह कळवा. रात्री उशिरा ताबा घेतल्याचे वेगळे पैसे लागतात का ते विचारा. हल्ली चावी माणसाच्या हातून मिळत नाही. दाराशी आकड्यांची पेटी असते आणि तिचा आकडा त्याच दिवशी ॲपमध्ये येतो. विमानतळावर इंटरनेट चाललं नाही तर तो आकडाही नाही आणि पत्ताही नाही. आकडा, पत्ता, इमारतीच्या दाराचा फोटो, मालकाचा फोन, हे आल्याबरोबर स्क्रीनशॉट घेऊन दोन फोनमध्ये ठेवा आणि पत्ता तिथल्या लिपीत कागदावर छापून घ्या. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

मालक पासपोर्टची प्रत मागेल. इटली, स्पेन, जपानमध्ये पाहुण्यांची नोंद ठेवणं किंवा कळवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे घाबरू नका. पण प्रत संकेतस्थळाच्या चॅटमधून किंवा दारात समक्षच द्या. सिंगापूर आणि थायलंडला उतरण्याआधी भरायच्या डिजिटल अरायव्हल कार्डवरही मुक्कामाचा पत्ता लागतो.

८. दार उघडल्यावर पहिला अर्धा तास

बॅगा दाराशीच ठेवा. मुलांना पलंगावर उड्या मारू देण्याआधी एक फेरी मारून सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा: भिंती, सोफ्यावरचे डाग, शेगडीची काच, फुटलेला कप, न्हाणीघर. गरम पाणी, एसी, शेगडी चालू करून बघा. धूर-अलार्म कुठे आहे, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला, वीज बंद करायची कळ कुठे, हे दोघा मोठ्यांना माहीत हवं.

काही बिघडलेलं किंवा जाहिरातीपेक्षा वेगळं असेल तर त्याच वेळी चॅटमध्ये फोटोसह लिहा. संकेतस्थळांकडे तक्रारीला मुदत असते. एअरबीएनबीवर ती अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांची आहे. ‘जाऊ दे, पाचच दिवसांचा प्रश्न’ म्हणून गप्प बसलात आणि परत आल्यावर लिहिलंत, तर हाती काही लागत नाही. मालकाने दुरुस्ती केली नाही तर ग्राहक सेवेकडे जा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत स्वतःहून बुकिंग रद्द करू नका; तुम्ही रद्द केलंत की परताव्याचे नियम तुमच्या विरुद्ध जातात.

घराचे नियम भिंतीवर किंवा फाइलमध्ये असतात. जर्मनी-स्वित्झर्लंडकडे रात्री दहानंतर आवाज चालत नाही, आणि कचरा काच, कागद, प्लास्टिक असा वेगळा टाकावा लागतो. रात्री अकराला मोठ्याने व्हिडिओ कॉलवर गावाकडच्यांशी बोलणं शेजाऱ्यांच्या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे. वाढीव पाहुणे बोलावू नका. तिथला भाचा एक रात्र मुक्कामाला येणार असेल तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

निघण्याच्या दिवशी भांडी धुवा, कचरा सांगितलेल्या पेटीत टाका, शेगडीच्या काचेवरचे हळदीचे डाग पुसा, आणि पुन्हा एकदा पहिल्यासारखाच सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. चावी पेटीत ठेवल्याचाही फोटो घ्या आणि ‘इतक्या वाजता घर सोडलं’ असा निरोप चॅटमध्ये टाका. अनामत सुटेपर्यंत हे सगळं फोनमधून पुसू नका. दोन आठवड्यांत रक्कम मोकळी झाली नाही, तर आधी संकेतस्थळाला आणि मग बँकेला लेखी कळवा.